थिअरी दर वेळी मध्येच सुटते? गिटारवर आधी ‘सा’ शोधा

तक्रार जवळपास सारख्याच शब्दांत येते. काही वर्षं गिटार वाजवतोय, व्हिडिओ बघून शिकलो, ओपन कॉर्ड झाल्या, एका बोटाने सगळ्या तारा दाबायची एफची बार कॉर्डही आता स्वच्छ वाजते, समोर कॉर्ड लिहिलेल्या असल्या की गाणं पूर्ण होतं. मग थिअरी शिकायला घेतली. सी मेजर स्केल झाली, होल स्टेप-हाफ स्टेप झालं, इंटरव्हलची नावं झाली आणि सर्कल ऑफ फिफ्थ्सचं ते गोल चित्र आलं की गाडी अडली. काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा सी मेजर, पुन्हा त्याच चित्रापाशी वही बंद. शेवटी माणूस ठरवून टाकतो, आपल्याला थिअरीचं डोकं नाही.

डोक्याचा इथे काही संबंध नाही. हा बिघाड ठरलेल्या जागी होतो, त्याची कारणं ठरलेली आहेत आणि तो दुरुस्त होतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कानात तर दुरुस्तीचं निम्मं सामान आधीच पडून असतं. ते कुणी गिटारला जोडून दाखवत नाही, एवढीच अडचण.

बिघाड नेमका कुठे आहे

फोन बाजूला ठेवा, कॅपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) बॅगेत टाका आणि तीन गोष्टी करून बघा.

जी, ई मायनर, सी, डी या चार कॉर्डवर चालणारं कुठलंही गाणं घ्या आणि तेच ए मध्ये, म्हणजे ए ला सा धरून वाजवा. पट्टी बदलून देणारं ट्रान्सपोजचं बटण नाही, कागद नाही. मग सी कॉर्ड धरा आणि सांगा, या कॉर्डमधला गंधार, म्हणजे ग, कुठल्या तारांवर वाजतोय? आणि तिसरं, कुठलंही ओळखीचं गाणं लावा, मध्येच थांबवा आणि त्या गाण्याचा सा गुणगुणा.

पहिल्याचं उत्तर ए, एफ शार्प मायनर, डी, ई. दुसऱ्याचं उत्तर चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि मोकळी पहिली तार (तारा बारीक बाजूने मोजायच्या). तिसऱ्याचं उत्तर तपासायला तानपुऱ्याचं ॲप पुरतं. तुम्हाला वाटतो तो सा त्यावर लावा आणि गाणं पुन्हा सुरू करा. बरोबर असेल तर तानपुरा गाण्यात मिसळून जातो, चूक असेल तर पहिल्या ओळीतच खटकतो.

पहिल्यात अडलात तर कॉर्ड नावांनी पाठ आहेत, त्यांची नाती माहीत नाहीत. दुसऱ्यात अडलात तर कॉर्ड हा बोटांचा आकार झालाय, आत कुठले सूर आहेत ते कधी पाहिलेलंच नाही. तिसऱ्यात अडलात तर बाकी सगळं सोडून तेच आधी करा, कारण सा सापडत नाही तोवर थिअरीतलं प्रत्येक वाक्य हवेत राहतं.

असं का होतं

सुरुवातीची बहुतेक थिअरी कीबोर्ड समोर आहे असं धरून सांगितलेली असते. कीबोर्डवर सी मेजर म्हणजे सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, ते डोळ्यांना दिसतं. एक सूर एकाच ठिकाणी सापडतो. गिटारवर काळं-पांढरं काही नाही, आणि एकच सूर चार-पाच ठिकाणी असतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ई घ्या. तोच सूर, त्याच सप्तकात, दुसऱ्या तारेच्या ५ व्या, तिसरीच्या ९ व्या, चौथीच्या १४ व्या आणि पाचवीच्या १९ व्या फ्रेटवर मिळतो. २० फ्रेटच्या साध्या अकूस्टिकवर एका सुराच्या पाच जागा! अशा वाद्यावर ‘सी, डी, ई, एफ’ नावांनी सुरुवात केली की माणूस पहिल्या तीन फ्रेटच्या पलीकडे जातच नाही.

पण जे कीबोर्डवर अवघड ते गिटारवर फुकट आहे. कीबोर्डवर सी मेजरचा हात ई मेजरला चालत नाही, बोटं बदलावी लागतात. गिटारवर बार कॉर्ड चार फ्रेट पुढे सरकवली की झालं, आकार तोच. म्हणजे हे वाद्य सुराच्या नावापेक्षा दोन सुरांमधल्या अंतरावर चालतं. आणि अंतराची भाषा आपल्याकडे घराघरांत आहे: सा रे ग म. सा कुठेही धरा, ग त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर असतो. शाळेच्या प्रार्थनेपासून भजनी मंडळापर्यंत आपण हेच ऐकत आलो आहोत.

दुरुस्ती एका तारेवर सुरू करा

पाचवी तार घ्या, म्हणजे मोकळी ए. तिलाच सा म्हणा. आता फ्रेट २, ४, ५, ७, ९, ११, १२ वाजवा: रे ग म प ध नी सा. वाजवताना तोंडाने म्हणा, मोठ्याने. १२ वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे वरचा सा मिळतो. मधल्या अंतरांकडे बघा: ग-म आणि नी-सा शेजारी आहेत, बाकी सगळीकडे एक फ्रेट सुटतो. मेजर स्केल म्हणजे एवढंच, आपला बिलावल थाट. मधले सुटलेले फ्रेट कुठले? १ कोमल रे, ३ कोमल ग, ६ तीव्र म, ८ कोमल ध, १० कोमल नी. बारा सूर संपले.

एकाच तारेवर वाजवण्याचा कंटाळा येतो हे खरं आहे. तरी आठवडाभर दुसरीकडे जाऊ नका, कारण आडव्या तारेवर अंतर डोळ्यांना दिसतं आणि तारा बदलू लागलात की ते लपतं.

मग शेजारची तार. सा सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर धरा, म्हणजे जी. त्याच फ्रेटवर खालची पाचवी तार वाजवा: म. तिथून दोन फ्रेट पुढे: प. सा, म, प असे एका हाताखाली येतात. हा त्रिकोण जिथे न्याल तिथे तसाच राहतो, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये बिघडतो. बाकीच्या शेजारी तारांत पाच फ्रेटचं अंतर असतं आणि त्या दोघींत चार फ्रेटचं, म्हणून दुसऱ्या तारेवर जाताना सगळं एक फ्रेट पुढे सरकतं. टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट एवढंच आकड्यांत लिहिलेलं) बघून वाजवणारे इथे वर्षानुवर्षं गोंधळतात आणि त्यांना वाटतं आपलं पाठांतर कच्चं आहे.

कॉर्डच्या आत बघा

जी कॉर्ड धरा आणि जाड तारेपासून एकेक तार छेडा. सा, ग, प, सा, ग, सा. सहा तारा आणि सूर तीनच. सी कॉर्ड: सा ग प सा ग. डी: सा प सा ग. कुठलीही मेजर कॉर्ड घ्या, आत सा-ग-प सोडून काही सापडणार नाही.

आता ई मेजर धरा: सा प सा ग प सा. तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आहे, तो ग. ती उचला. ई मायनर झाला. उचललेल्या बोटाने फक्त गंधार कोमल केला, बाकी पाच तारा होत्या तशाच आहेत. ए मेजर आणि ए मायनर यांत तेच घडतं, दुसऱ्या तारेवर. मेजर-मायनरवर पानंच्या पानं वाचण्यापेक्षा हे एक बोट वर-खाली करत पाच मिनिटं ऐका.

कॉर्डची नाती याच्या पुढची पायरी. स्केलमधला एक सूर घ्या, पुढचा सोडा, त्यापुढचा घ्या. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी, म-ध-सा, प-नी-रे, ध-सा-ग. पहिल्या दोन सुरांत चार फ्रेट असतील तर मेजर, तीन असतील तर मायनर. एका तारेवर मोजून बघा: सा, म, प यांच्या कॉर्ड मेजर निघतात आणि रे, ग, ध यांच्या मायनर. नी-रे-म उरली, तिच्यात दोन्ही अंतरं तीन-तीन फ्रेटची, म्हणून ती डिमिनिश्ड. जी मध्ये हेच जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर, एफ शार्प डिमिनिश्ड असं होतं. आता ते चार कॉर्डवालं गाणं पुन्हा बघा. सा, ध, म, प. ए मध्ये काय होईल ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

‘काळी चारला घ्या’

स्वतः शिकलेल्या गिटारवाल्याची खरी परीक्षा गणपतीच्या कार्यक्रमात किंवा कुणाच्या घरच्या मैफलीत होते. गाणाऱ्या ताई म्हणतात, काळी चार. पेटीवाले काका लगेच पट्टी धरतात आणि गिटारवाला फोनमध्ये शोधू लागतो.

पट्ट्यांचा हिशोब एकदा नीट लावून ठेवा. पांढरी एक सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. तीन-चारच्या मध्ये आणि सात-एकच्या मध्ये काळी नाही. ग-म आणि नी-सा शेजारी असण्याचं हेच रूप.

काळी चार म्हणजे जी शार्प. तुमच्या कागदावर गाणं सी मध्ये लिहिलंय: सी, ए मायनर, एफ, जी. सरगममध्ये बोला: सा, ध, म, प. आता जी शार्पच्या खालची, मोकळ्या तारांची सगळ्यात जवळची पट्टी जी. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जी, ई मायनर, सी, डी वाजवा. दुसरा रस्ता म्हणजे कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि ई चे आकार, पण त्यात ध ची कॉर्ड सी शार्प मायनर येते, म्हणजे बार. मी पहिलाच रस्ता घेईन. सी चेच आकार ठेवायचे म्हटलं तर कॅपो आठव्या फ्रेटवर जातो आणि गिटार खेळण्यासारखी वाजते, गाण्याला आधार राहत नाही.

गाणाऱ्याने तालमीत काळी चार सांगून ऐन वेळी काळी पाच घेतली तर? सा, ध, म, प तेच, कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. संपलं.

नियम मोडल्यासारखे वाटतात तिथे

नाती समजल्यावर आठवडाभरात एक शंका हमखास येते: गाणं ए मायनरमध्ये आहे, तर प ची कॉर्ड ई मायनर यायला हवी. कागदावर ई मेजर का?

हातात घेऊन बघा. ई मेजर वाजवा, मग ए मायनर. आधी फक्त तिसऱ्या तारेकडे लक्ष द्या. ई मध्ये ती पहिल्या फ्रेटवर आहे, ए मायनरमध्ये दुसऱ्या. एकच फ्रेट. सा ए आहे, तेव्हा पहिल्या फ्रेटवरचा तो सूर शुद्ध नी, आणि शुद्ध नी सा ला चिकटून असतो म्हणून तिथे जायला आतुर असतो. ई मायनर वाजवलात तर तार मोकळी राहते, कोमल नी मिळतो, सा दोन फ्रेट लांब आणि ओढ ढिली. मायनर गाण्यात घरी परतताना ओढ हवी म्हणून नी शुद्ध करतात. कोमल ग, कोमल ध आणि शुद्ध नी अशी ही स्केल, पुस्तकात तिला हार्मोनिक मायनर म्हणतात. किरवाणीचे सूर हेच.

ओढ म्हणजे काय ते याहून स्पष्ट ऐकायचं तर डी सेव्हन्थ वाजवून जी वर या. दुसऱ्या तारेवरचं बोट पहिल्या फ्रेटवरून उचललं जातं: म खाली ग वर उतरला. पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरचा सूर तिसऱ्यावर गेला: नी वर सा ला भिडला. दोन सूर उलट दिशांना एकेक फ्रेट सरकले आणि गाणं घरी आलं. मला संपूर्ण वेस्टर्न हार्मनीत यापेक्षा सुंदर गोष्ट माहीत नाही, आणि ती दोन बारीक तारांवर उघडी दिसते.

दुसरी शंका: जी मधल्या गाण्यात एफ कसा? एफ मेजरचे सूर जी च्या हिशोबाने कोमल नी, रे, म. म्हणजे गाण्याने नी कोमल घेतलाय. ग शुद्ध, नी कोमल, खमाज थाट. वाजवा निर्धास्त.

तिसरी शंका सोलो वाजवणाऱ्यांची. पाचव्या फ्रेटवरचा पेंटाटोनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचा, चौकोन सगळ्यांना येतो, पण गाण्यावर वाजवला की सूर बरोबर असूनही काहीतरी बसत नाही. कारण बहुधा हे: चौकोन ए मायनरचा म्हणून शिकलात आणि गाणं सी मेजरमध्ये आहे. सूर तेच, सा वेगळा. ए मायनरला सा सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तर्जनीखाली. सी मेजरला तो आठव्या फ्रेटवर, करंगळीखाली, शिवाय तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर आणि पहिल्या तारेच्या आठव्यावर. ओळ तिथे आणून थांबवा. सी ला सा धरलंत की हाच चौकोन सा रे ग प ध होतो, भूपाचे सूर. (हे सूर वाजले म्हणजे भूप झाला असं मात्र समजू नका. देशकाराचेही हेच पाच सूर आहेत आणि राग वेगळा आहे. स्केल आणि राग यांत फरक आहे, आणि तो गाणाऱ्यांकडूनच शिकावा.)

कान खरं सांगतोय, गिटार खोटी वाटतेय

सरगम म्हणत वाजवायला लागलात की काही दिवसांनी आणखी एक त्रास सुरू होतो. ई कॉर्ड नीट लागावी म्हणून तिसरी तार थोडी उतरवता. ई गोड होते, पण लगेच सी आणि जी बेसूर. पुन्हा चढवता, पुन्हा ई टोचते. गिटार खराब आहे, की कान?

दोन्ही ठीक आहेत. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवतात, एक फ्रेट १०० सेंट (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्या हिशोबाने ग ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या नादात ऐकू येणारा नैसर्गिक गंधार साधारण ३८६ सेंटवर असतो. १४ सेंट म्हणजे तयार कानाला ठळक फरक. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंट, म्हणून प कधी टोचत नाही. ई कॉर्डमध्ये तिसरी तार ग वाजवते, तिथे तुम्ही १४ सेंट उतरवलीत. सी कॉर्डमध्ये तीच मोकळी तार प असते, आणि १४ सेंट उतरलेला पंचम कुणालाही सहन होत नाही.

बांधलेल्या सुरांचा हा प्रश्न पेटीलाही आहे. ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, आणि तिच्यावरच्या आक्षेपांत हा एक मोठा होता. गिटारवर उपाय एकच: सगळ्या तारा ट्यूनरने मोकळ्या लावा आणि एखाद्या कॉर्डसाठी कुठलीही तार हलवू नका. तरीही वरच्या फ्रेटवर बेसूर वाटत असेल तर १२ व्या फ्रेटवर हार्मोनिक घ्या, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्श करून छेडा, आणि मग तीच जागा दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळत नसतील तर आधी तारा बदला. नव्या तारांवरही जुळले नाहीत तर ब्रिजकडचं काम आहे, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सध्या काय बाजूला ठेवायचं

सर्कल ऑफ फिफ्थ्स. त्यात सांगितलेलं नातं तुम्हाला सा-म-प च्या त्रिकोणातून हाताला आलेलं आहे. प ला नवा सा केलं, त्याच्या प ला पुन्हा नवा सा केलं, असं बारा वेळा केलं की ते चक्र पूर्ण होतं. तसं फ्रेटबोर्डवर फिरून बघा, मग चित्र उघडा.

मोड, म्हणजे स्केलचे सात प्रकार. ग्रीक नावांची भीती वाटते, पण सातपैकी सहा मोडचे सूर विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांत जसेच्या तसे आहेत: आयोनियन बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. लोक्रियनला थाट नाही, कारण त्यात पंचम शुद्ध राहत नाही. कुठला सूर कोमल आणि कुठला तीव्र एवढं सांगता आलं की नावं नंतर आपोआप बसतात.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पद्धत. स्टुडिओत किंवा वाद्यवृंदात वाजवायचं असेल, ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या असतील तर लागेल, नाहीतर घाई नाही. शिकायला घ्याल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा, गिटारसाठीचे सूर प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहिलेले असतात. पियानोसाठी लिहिलेला कागद समोर ठेवून वाजवलंत आणि सगळं एक सप्तक खाली ऐकू आलं तर चूक तुमची नाही.